खात्रीचा तुकडा

औरिस्तेला तितो सेहेचाळीस वर्षांची होती, धाकट्या लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं, तरी चाकिमार्काच्या नोंदणी कचेरीत येणारा प्रत्येकजण तिला सेन्योरिता, म्हणजे कुमारी, अशी हाक मारायचा. त्यात तिचं कौतुक काही नव्हतं. आमच्याकडे खिडकीमागे बसलेली बाई म्हणजे सेन्योरिता, मग तिला नातवंडं का असेनात. आणि मोठ्या खुर्चीत बसलेला वकील म्हणजे डॉक्टर, मग त्याने जन्मात कुणाची नाडी धरलेली नसली तरी.

दोन नंबरची खिडकी तिची. एक नंबरला जन्मदाखला मागायचा, तीन नंबरला शिक्का, आणि एक नंबरने 'नाही सापडत' म्हणून हाकललेलं माणूस दोन नंबरला यायचं. म्हणजे माणूस जन्माला आलंय, समोर उभं आहे, टोपीने घाम पुसतंय, पण यंत्रात नाही. अशी दोन-तीन माणसं रोज असायची. एक नंबरवाल्या एफ्राईनचं म्हणणं साधं होतं.

"यंत्र नाही म्हणतंय, बाबा. मी काय करू? तुझं बाळंतपण मी केलं होतं का?"

एफ्राईनच्या पडद्यावर एक पिवळी चौकट होती. तिच्यात आडनाव लिहायचं. चौकट पहिल्या अक्षरापासून जुळवत जायची आणि पहिलंच अक्षर चुकलं की तिच्या लेखी तो माणूस संपला. आणि आमच्या डोंगरात नेमकं पहिलंच अक्षर चुकतं. एकाच बापाची तीन पोरं, एक उआमान, दुसरा ग्वामान, तिसरा वामान. तीन कारकुनांनी तीन वेगळ्या दिवशी आपापल्या कानाला आलं तसं लिहिलेलं. घरात सख्खे भाऊ, कागदावर एकमेकांचे कुणीच नाहीत.

औरीने यावर तोड काढली होती ती फार जुनी. एकोणीसशे शहाण्णव साली कचेरीत पहिलं संगणकयंत्र आलं. शहरातून किंतानिया नावाचा इंजिनियर आला, त्याने फॉक्सप्रो नावाच्या संगणकभाषेत नोंदींचा प्रोग्राम बसवला, तीन दिवस नगरपालिकेच्या खर्चाने गिनीपिगच्या मेजवान्या झोडल्या आणि एक झेरॉक्स केलेली पुस्तिका मागे ठेवून निघून गेला. ती पुस्तिका औरीखेरीज कुणी उघडली नाही. जेवणाच्या सुट्टीत ती पोथी वाचावी तशी रोज दोन पानं वाचायची. निम्मं कळायचं, निम्मं डोक्यावरून जायचं. एका पानावर तिला डॉलरची खूण दिसली. तिला वाटलं, झालं, इथेही पैसे मोजावे लागणार. पण ही खूण पैशाची नव्हती. डावीकडे लहानसा तुकडा लिहायचा, मध्ये डॉलर, उजवीकडे मोठा मजकूर. की यंत्र सांगणार, हा तुकडा त्या मजकुरात आहे की नाही. सुरुवातीला असो, मध्ये असो, शेवटी असो, त्याला फरक पडत नाही. औरीने पिवळी चौकट बाजूला सारून मागची काळी खिडकी उघडली, 'आमान' एवढंच टाकलं आणि तिन्ही भाऊ एकाखाली एक येऊन उभे राहिले.

तेव्हापासून तिचा नियम ठरला. जेवढ्याची खात्री, तेवढंच विचारायचं. एफ्राईनला तिने किती वेळा सांगितलं असेल.

"पूर्ण नाव विचारलंस की यंत्र नाही म्हणायला मोकळं. तुकडा विचार."

"मला नाही जमत, औरीता. तुकडा कुठला घ्यायचा ते कसं कळणार?"

ते मात्र खरं होतं. कुठला तुकडा घ्यायचा हे पुस्तिकेत नव्हतं. ते औरीला कळायचं, आणि का कळायचं हे तिने कचेरीत कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

ती वरच्या अंगाची होती. ओक्कोरो नावाची वाडी, चार हजार मीटरवर, लोकरीसाठी पाळलेले अल्पाका आणि बटाटे, आणि बोलायला क्वेचुआ, डोंगरातली जुनी भाषा. नऊ वर्षांची असताना बापाने तिला खाली चाकिमार्काला धर्ममातेकडे आणून सोडलं; घरकाम करायचं आणि शाळेत जायचं. क्वेचुआत स्वर तीनच, आ, इ आणि उ. स्पॅनिशमधले ए आणि ओ त्या जिभेला बसत नाहीत. मेसा म्हणजे टेबल, मिसा म्हणजे चर्चमधली प्रार्थना. औरीने पहिल्याच दिवशी सांगितलं की खडू प्रार्थनेवर ठेवलाय, आणि वर्ग हसून लोळला. असं बोलणाऱ्याला आमच्याकडे 'मोते' म्हणतात. मोते म्हणजे उकडलेले मक्याचे दाणे. तोंडात दाणे धरून बोलल्यासारखं बोलतो तो मोते. हा शब्द हसत हसत फेकतात आणि लागायचा तिथे लागतो. औरीने त्या वर्षापासून उकडलेला मका खाणं सोडलं. शेजारपाजारचे म्हणायचे, पोरीला पचत नसेल.

मग तिने जिभेवर पहारा बसवला. इ आली की ए म्हणायचं, उ आला की ओ म्हणायचं, म्हणजे चूक होणार नाही. यात दुसरीच पंचाईत झाली. चाकूला कुचिल्यो म्हणतात, ती म्हणाली कोचेल्यो. पुन्हा वर्ग लोळला. मागे गेलं तर आड, पुढे आलं तर विहीर. शेवटी तिने शब्द न् शब्द पाठ केला, आणि विसाव्या वर्षी तिची स्पॅनिश अशी झाली की राजधानीतला माणूससुद्धा विचारायचा, तुम्ही किनाऱ्याकडच्या का? तो तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सन्मान होता. खिडकीवर क्वेचुआ बोलणारं कुणी आलं तर ती स्पॅनिशमध्येच उत्तर द्यायची. तुसडेपणाने नाही, पण स्पॅनिशमध्येच.

मात्र जिभेने जे दडवलं ते कानाने सोडलं नव्हतं. कुणी आपलं नाव सांगितलं की तिला आत दोन माणसं ऐकू यायची. एक डोंगरातून आलेला बाप, नाव सांगताना ओचा उ करणारा. आणि एक जुना कारकून, ऐकेल ते खरडणारा. म्हणून तिला ठाऊक होतं की ए आणि ओवर विसंबायचं नाही, ते पार इ आणि उ होऊन बसलेले असतील. पण आ, इ, उ हे इमानी. त्यांना आमची जीभ हात लावत नाही. या हिशेबाने तुकडा कापला की माणूस सापडायचाच. आणि नाहीच सापडला, तर त्याला एक ठरलेलं कारण होतं: रोस्मेरी.

नोंदणीची जुनी पुस्तकं यंत्रात चढवायला शहाण्णव साली दोघीजणी होत्या, औरी आणि रोस्मेरी अल्तामिरानो. रोस्मेरी गावातली, नखं रंगवून यायची, एका हाताने टाइप करायची आणि दुसऱ्या हाताने नखं वाळवायची. वर्षभरात लग्न करून राजधानीला गेली. तिच्यामागे यंत्रात जी म्हणून चूक निघाली तिचं खापर तिच्या माथी फुटलं. "रोस्मेरीची करामत," औरी म्हणायची आणि कचेरी मान हलवायची. गैरहजर माणसासारखं सोयीचं माणूस नाही.

म्हातारी बुधवारी सकाळी आली. फोर्तुनाता न्याउई, सत्तरीच्या आसपास, सुनेचा दंड धरून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, साय धरलेल्या दुधासारखा पांढरा. सून निएवेस बोलकी होती. तिने एका दमात सगळं सांगितलं.

"शुक्रवारी दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर येतायत, सेन्योरिता, फुकट ऑपरेशन. उद्या बारा वाजता यादी बंद. नर्स म्हणते, ओळखपत्र नाही ना, मग निदान जन्मदाखला तरी आण. म्हातारीचं जुनं ओळखपुस्तक नदीत गेलं, सासरे होते तोवर सगळे कागद तेच बघायचे, कुणी नवं केलंच नाही. मागच्या वेळेला हे डॉक्टर आले त्याला तीन वर्षं झाली. आणखी तीन वर्षं ही चुलीत हात घालत बसणार का?"

"आणि तुझा हा एक नंबरवाला म्हणतो मी नाहीच," म्हातारी क्वेचुआत म्हणाली आणि हसली. "आडनाव काय, तर न्याउई. डोळा! डोळ्याच्या घरात जन्मले आणि मला चुलीतला विस्तव दिसत नाही."

न्याउई म्हणजे डोळाच. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, त्यातली गत. औरीला हसू आलं, पण तिने स्पॅनिशमध्ये विचारलं, "आईवडलांची नावं?"

"बाप रुफिनो. आई खुस्तिना. साल माहीत नाही. देवळाला घंटा बसवली त्या साली."

औरीने बाह्या सावरल्या. आडनावातलं पहिलं अक्षर तर बोलूनचालून फुटकं. त्या अक्षराच्या डोक्यावर नागमोडी रेघ असते आणि शहाण्णव सालच्या परदेशी कळफलकावर ते अक्षरच नव्हतं. रोस्मेरी त्याच्या जागी साधा न मारायची. औरी टेलिफोनवर असते ती चौकटीची खूण टाकायची, पुढे कधीतरी दुरुस्त करू म्हणून. पुढे एका इंजिनियरने यंत्र साफ करताना त्या सगळ्या खुणा कचरा समजून उडवल्या. तेव्हा न्याउई कुठे नाउई झाले, कुठे नुसते आउई. तिने 'आउई' मागितलं. दोनशे बारा नावं आली. फोर्तुनाता नाही. मग आडनाव सोडून दिलं आणि नावातला 'तुनाता' घेतला. डोंगरातला बाप फुर्तुनाता म्हणाला असेल, तरी हा तुकडा हलत नाही. तीनशे अकरा फोर्तुनाता आल्या. तिने एकेकीचे आईबाप वाचले. रुफिनो आणि खुस्तिना नाहीत. बापाच्या रकान्यात 'रुफ', आईच्या रकान्यात 'खुस्त', दोन्ही एकत्र. काही नाही.

दुपारचे दोन झाले. म्हातारी बाकावर बसून ओंजळीतले मक्याचे फुटाणे खात होती.

"सापडले का मी?"

"अजून नाही, मामाय."

मामाय, म्हणजे आई, हा एकच शब्द क्वेचुआ होता आणि तो औरीच्या तोंडून कसा निघाला ते तिलाच कळलं नाही. म्हातारीने लगेच तोंड तिच्याकडे वळवलं.

"तू खालची नाहीस, पोरी. तू कुठली?"

"इथलीच," औरी स्पॅनिशमध्ये म्हणाली.

संध्याकाळपर्यंत काही निघालं नाही. साल माहीत नसताना पुस्तकं चाळायची म्हणजे चौतीस पुस्तकं, आणि प्रत्येकात तीनशे पानं. साहेबांनी, म्हणजे डॉक्टर बेर्रोकाल यांनी, उठता उठता निकाल दिला. हे गृहस्थ किनाऱ्यावरचे. वाईट नव्हते, सगळ्यांच्या वाढदिवसाला केक आणायचे, पण विनोदाची फार हौस, आणि त्यांचा हुकमी विनोद म्हणजे डोंगरातल्या माणसाच्या बोलण्याची नक्कल.

"नोंद नाही म्हणजे नाही. कोर्टात जाऊ दे. फार तर सहा महिने."

"रोस्मेरीने पानच गाळलं असणार," औरी म्हणाली. हे तिने नेहमीच्या सवयीने म्हटलं, पण घरी जाताना ते तिला टोचत राहिलं. डॉलरची खूण वापरायला लागल्यापासून माणूस इतकं साफ हुकल्याचं तिला आठवत नव्हतं.

गुरुवारी सकाळी ती चौकातून कचेरीकडे निघाली होती. कोपऱ्यावर पाववाली बसलेली, वरच्या वाडीची, नवीनच खाली उतरलेली. ती गावच्या बायकांसारखं बोलायला बघत होती. गरमागरमला कालिएंतितो म्हणतात, ती ओरडत होती, "पाव, कालिएंतेतो! कालिएंतेतो!"

रांगेतली माणसं हसली. औरीसुद्धा हसली, आणि हसता हसता जागच्या जागी थांबली.

या बाईची जीभ चुकली नव्हती. तिच्या जिभेवर इ बरोबरच आली होती. तिनेच ती हाकलून तिथे ए बसवली होती, लोक हसतील म्हणून. आ, इ, उ इमानी हे खरं, पण घाबरलेलं माणूस त्यांनाही हाकलतं. बावीस वर्षं औरी जिभेच्या चुका शोधत होती. भीतीची चूक उलट्या दिशेने जाते हे तिला माहीत नव्हतं असं नाही. ती विसरली होती, कारण विसरायलाच हवं होतं. कोचेल्यो.

कचेरी उघडायची होती. तिने पहारेकऱ्याकडून किल्ली घेतली, कोट न काढताच बसली आणि 'तुनाता'मधला उ काढून ओ घातला. तोनाता.

एकच ओळ आली. फोर्तोनाता आओए. बाप रोफेनो, आई खोस्तेना. वाडी बरोबर, पुस्तक सतरा, पान अठ्ठ्याऐंशी. सातही ठिकाणी उचा ओ आणि इचा ए. शेवटच्या रकान्यात नोंद चढवणाऱ्याची आद्याक्षरं असत. तिथे रोस्मेरीची नव्हती. तिथे औ. ति. होतं, आणि तारीख औरीच्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यातली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. फरक इतकाच की काखेतला कळसा सापडला म्हणून तिला आनंद झाला नाही. ती कोट घालूनच बसून राहिली. तिला तो आठवडा आठवला. जुन्या कारकुनाचं अक्षर बारीक, शाई उडालेली, उ आहे की ओ, इ आहे की ए, कळायचं नाही. विचारावं तर समोर रोस्मेरी, ती हसणार. मग औरीने ठरवून टाकलं होतं, शंका आली की ओ. शंका आली की ए. शुद्ध दिसेल ते.

साडेआठला सतरा नंबरचं पुस्तक टेबलावर आलं. पान अठ्ठ्याऐंशी. भिंग धरलं की स्पष्ट होतं, फोर्तुनाता न्याउई, रुफिनो, खुस्तिना. पुस्तक बरोबर, यंत्र चूक. यंत्र दुरुस्त झाल्याशिवाय दाखला निघत नाही, आणि दुरुस्तीचे दोन रस्ते होते. टाइप करणाऱ्याची चूक असेल आणि तो माणूस समोर उभा राहून तसं लिहून सही करत असेल, तर त्याच दिवशी. तो माणूस हजर नसेल, तर प्रकरण वरच्या कचेरीत, आणि तिथून ते कधी परत येईल हे देवालाच माहीत.

दहा वाजता साहेब आले तेव्हा कचेरी भरली होती. गुरुवार बाजाराचा दिवस, रांग दारापर्यंत. निएवेस आणि म्हातारी बाकावर. एफ्राईनने साहेबांना सापडल्याचं सांगितलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. साहेबांनी चष्मा चढवून वाचलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"फोर्तोनाता! रोफेनो! खोस्तेना!" ते मोठ्याने वाचत गेले, हुकमी विनोदाच्या आवाजात. "अरे हे टाइप कुणी केलं? चौकातली पाववाली बसवली होती की काय? हा मोते होता तरी कोण?"

रांग हसली. रांगेतले निम्मे वरच्या वाड्यांचे. तेही हसले, आमच्याकडे तसंच हसतात. एफ्राईन म्हणाला, "रोस्मेरी असेल, डॉक्टर. जुनी करामत तिचीच."

"ती राजधानीत. म्हणजे आज काही होत नाही," साहेब म्हणाले आणि हात झटकले. "पाठवा वरच्या कचेरीत."

भिंतीवरचं घड्याळ साडेदहा दाखवत होतं. औरीने बाकाकडे बघितलं. म्हातारीला स्पॅनिश फारशी कळत नव्हती. लोक हसले म्हणून तीही थोडी हसली होती आणि आता सगळ्यांच्या आवाजाकडे तोंड फिरवत बसली होती. गप्प राहणं अगदी सोपं होतं. आद्याक्षरांकडे कुणी बघितलं नव्हतं. रोस्मेरीला कळणार नव्हतं. तीन वर्षांनी डोळ्यांचे डॉक्टर परत आलेच असते.

"तो मोते मी," औरी म्हणाली.

साहेबांना ऐकू गेलं, पण पोचलं नाही. "काय?"

"मी टाइप केलं, डॉक्टर. शेवटचा रकाना बघा. औ. ति. म्हणजे मी. मी ओक्कोरोची आहे. फॉर्म द्या, मी लिहून देते."

एफ्राईनने पडद्याकडे बघितलं आणि मग टेबलाकडे. रांगेत कुणी खोकलं. साहेबांचे कान लाल झाले. माणूस वाईट नव्हता, म्हणून त्यांनी आपल्या परीने तिला वाट काढून दिली.

"हे बघा, सेन्योरा औरिस्तेला, त्यात एवढं काय. कारणाच्या रकान्यात आपण लिहू, घाईत बोट घसरलं. संपलं."

"एका नोंदीत सात वेळा बोट घसरत नाही, डॉक्टर. आणि सातही वेळा एकाच बाजूला."

"मग काय लिहिणार?"

तिने उभ्यानेच फॉर्म भरला. चुकीचं कारण या रकान्यात तिने लिहिलं: पुस्तकातलं अक्षर लागत नव्हतं आणि विचारायची लाज वाटली, म्हणून मला जास्त शुद्ध वाटलं ते लिहिलं. खाली सही केली आणि कागद पुढे सरकवला. साहेबांनी तो दोनदा वाचला. सरकारी कागदावर लाज हा शब्द चालतो की नाही याचा नियम त्यांना आठवेना. त्यांनी शिक्का मारला. त्या दिवशी आणि त्यानंतर पुष्कळ दिवस कचेरीत नक्कल झाली नाही. ती कायमची बंद झाली असं म्हणवत नाही.

अकरा वाजून वीस मिनिटांनी दाखला निघाला. निएवेसने तो शालीआड धरला, कारण तिला तो वाऱ्याने उडून जाईल असं वाटत होतं, आणि म्हणाली की आपण पळत जाऊन नर्सला दाखवते, म्हातारीला इथेच बसू दे. ती गेली. औरी खिडकीमागून बाहेर आली आणि बाकावर बसली. बावीस वर्षांत ती त्या बाकावर कधी बसली नव्हती.

म्हातारी म्हणाली, "झालं?"

"झालं, मामाय. निएवेस पोचेल वेळेवर." हे औरी क्वेचुआत म्हणाली. सगळं वाक्य. जीभ जरा अडखळली, इतक्या वर्षांनी बिजागरी कुरकुरावी तशी.

"मगाशी सगळे हसले ते कशाला?"

"तुझं नाव चुकीचं लिहिलं होतं. म्हणून सापडत नव्हतं."

"कुणी?"

"मी, मामाय. मीच."

म्हातारीने चाचपडत औरीचा हात शोधला आणि त्यावर दोनदा थोपटलं.

"तू होतीस म्हणून बरं झालं, पोरी. दुसऱ्या कुणी मला हरवलं असतं तर मी सापडले नसते."

औरीला रडू आलं. ते तिने दडवलं नाही. दडवून उपयोगही नव्हता, रांग समोरच होती आणि गुरुवारच्या रांगेला दुसरं काम काय. पाचेक मिनिटांनी निएवेस धापा टाकत दारातून ओरडली की नाव लागलं, एक्केचाळिसावं. मग दोघी गेल्या.

औरी परत खिडकीमागे बसली. रांगेतल्या पुढच्या माणसाला तिने जरा थांब म्हणून हात केला, काळी खिडकी उघडली आणि शेवटच्या रकान्यात स्वतःची आद्याक्षरं मागितली, तारीख त्या पहिल्या आठवड्याची. आकडा आला, एकशे चार. ती वरून खाली वाचत गेली. खोलेया, अगोस्तेना, फाओस्तेनो, सगळीकडे तोच ओ आणि तोच ए. त्यांतले किती हयात असतील आणि किती जण कुठल्या कुठल्या खिडकीवर उभे राहून 'तू नाहीस' हे ऐकून परत गेले असतील, हे यंत्र सांगत नव्हतं.

"डॉक्टर," तिने आत हाक मारली, "दुरुस्तीचे फॉर्म आणखी मागवा. एकशे तीन."